बाटलीबाहेरचा खेकडा

"बाटल्या कुणी बदलल्या, सर?"

जुवेकर सरांनी मान वर केली. टेबलापलीकडे केतकी मयेकर उभी होती. हातात प्रात्यक्षिकाची उत्तरपत्रिका, आणि तिच्या कोपऱ्यात लाल शाईने घातलेले सात. वीसपैकी सात.

"मी बदलल्या," सर म्हणाले.

"का?"

"झाकणं गळत होती."

एवढं बोलून त्यांनी पुढची उत्तरपत्रिका ओढली.

केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन वर्षं बी.एस्सी. आणि दोन वर्षं एम.एस्सी., प्राणिशास्त्रात तिचा पहिला नंबर कधी सुटला नव्हता. आणि आज सात! दारात तिच्या वर्गातली पोरं घोळका करून उभी होती, कान टवकारून. त्यांचे तर सातही नव्हते.

ज्यांनी हा विषय कधी केला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात एक प्रकार असतो, त्याला सगळे स्पॉटिंग म्हणतात. लांब टेबलावर काचेच्या बाटल्या मांडतात, प्रत्येकीत एक प्राणी. चिठ्ठ्या कागदाने झाकलेल्या. एका बाटलीसमोर अर्धं मिनिट उभं राहायचं, प्राण्याचं नाव, त्याचा गट आणि एक लक्षण लिहायचं. घंटी वाजली की पुढच्या बाटलीकडे सरकायचं. घंटी वाजूनही जो हलला नाही, त्याची तिथून पुढची परीक्षा संपली. हा नियम कुणी केला ते माहीत नाही, पण तो मोडलेला कुणी पाहिलेला नाही.

खाडीकाठच्या त्या कॉलेजातल्या बाटल्या फार जुन्या होत्या. आतलं औषधी पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं. त्यात प्राणी म्हणजे नुसती सावली. मग पोरांनी काय करावं? पोरांनी बाटल्या पाठ केल्या.

काळं बूच आणि कडेला टवका, तो विंचू. चौकोनी बाटली, काचेत बुडबुडा, ती समुद्रकाकडी. मानेला सुतळी बांधलेली, तो वाळा, म्हणजे गांडुळाएवढा आंधळा साप. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नव्हतं. दर वर्षी निरोपसमारंभाला सामोसे खाऊन झाले की वरचा वर्ग खालच्या वर्गाला म्युझियममध्ये नेई, दार लावून घेई, आणि एकेका बाटलीपाशी उभं करून ते देई. केतकीलाही तसंच मिळालं होतं. तिने ते मन लावून घेतलं होतं, आणि खालच्या वर्गाला देण्यासाठी सुबक आकृत्यांसकट तयारही ठेवलं होतं.

आणि यंदा सरांनी सगळ्या बाटल्या नव्या केल्या. सारख्या उंचीच्या, सारख्या बुचाच्या, पाणी स्वच्छ. मिशा दिसत होत्या, नांग्या दिसत होत्या, पायांवरची लव दिसत होती.

अख्खा वर्ग आडवा झाला.

"तुम्ही आम्हाला फसवलंत, सर," केतकी म्हणाली.

सरांनी पेनाचं टोपण लावलं.

"कसं?"

"आधी सांगायला हवं होतं."

"काय सांगायला हवं होतं?"

केतकी क्षणभर अडखळली. मग म्हणाली, "की बाटल्या बदलल्यात."

"प्राणी तेच होते."

"पण ते वेगळे दिसत होते!"

सरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. खाडीला ओहोटी लागली होती.

"दिसत होते..." ते म्हणाले, आणि गप्प झाले.

हे गप्प होणं केतकीच्या डोक्यात जाई. जुवेकर सरांची ही खोडच होती. वर्गातही अर्धं वाक्य बोलायचे आणि उरलेलं पोरांवर सोडून द्यायचे. काहींना त्यात मोठेपणा वाटे. केतकीला तो आज शुद्ध चावटपणा वाटला.

"सर, तुम्हाला काय जातंय?" तिचा आवाज चढला. "सोमवारी माझी मुलाखत आहे. खाडीवरच्या संशोधन केंद्रात, खेकड्यांच्या प्रकल्पावर. प्रात्यक्षिकात पहिला वर्ग नसेल तर ते दारातही उभं करणार नाहीत. आणि तुम्ही आज पाच वाजता हे सात विद्यापीठाला कळवून मोकळे होणार."

"हो. पाचपर्यंतच मुदत आहे."

"पाच वर्षं घातलीत मी या विषयात!"

ती खोटं बोलत नव्हती. आणि या पाच वर्षांत तिने जे ऐकलं होतं तेही खोटं नव्हतं. प्राणिशास्त्र म्हणताच आत्या म्हणाली होती, म्हणजे गुरांची डॉक्टर होणार का? नाही म्हटल्यावर, मग पुढे काय? या 'पुढे काय'ला तोंड देता देता तिच्या नाकी नऊ आले होते. कॉलेजांत जागा भरत नाहीत. भरल्याच तर तासावर, आणि सुट्टी लागली की माणूस घरी. सेट झालेले, नेट झालेले, डॉक्टरेट केलेले लोक कोळंबीच्या कारखान्यात बर्फ मोजतायत. त्यात ही एक जागा निघालेली. खेकड्यांची. तिच्या गावच्या खाडीतली, तिच्या विषयातली. तिच्यासाठीच काढल्यासारखी. आणि ती जावी कशापायी? बुचांपायी? संताप येईल नाहीतर काय होईल?

"मला भीक नकोय, सर," ती म्हणाली. "कुणाला चार गुण वाढवून द्या म्हणत मी कधी आले नाही. मला माझे हक्काचे गुण हवेत."

"हक्काचे दिलेत."

दारातून सुहेल मुकादम हळूच म्हणाला, "केतकी, चल. सर ऐकायचे नाहीत."

केतकी चालणारी नव्हती. तिने उत्तरपत्रिका टेबलावर आपटली. आणि मग जे तिच्या तोंडून गेलं ते दारातल्या पोरांनाही ऐकवेना.

"तुम्ही तरी ओळखाल का?"

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"म्हणजे?"

"म्हणजे बाटलीतून बाहेर काढून ठेवले, चिठ्ठीशिवाय, घंटी लावून, तर तुम्ही तरी ओळखाल का सगळे? तुम्हीही याच बाटल्यांवर शिकलात. याच कॉलेजात, याच म्युझियममध्ये."

सुहेलने कपाळाला हात लावला. वर्गातल्या कुणीतरी घाबरून खोकल्याचं सोंग केलं.

जुवेकर सर रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. पण सरांनी शांतपणे विचारलं, "ओळखले तर?"

"तर माझे सात मला मान्य. पुन्हा तोंड उघडणार नाही."

"नाही ओळखले तर?"

केतकीने मागचापुढचा विचार केला नाही. "तर आमचे गुण मी भरणार."



सर उठले. खुर्चीच्या पाठीवरचा पांढरा कोट त्यांनी अंगात चढवला आणि बाह्या सारख्या केल्या.

"लाव," ते म्हणाले.

*

ट्रे मांडायला केतकी आणि सुहेल दोघंच आत थांबली. हातमोजे घालून एकेक प्राणी चिमट्याने बाहेर काढायचा, पाण्याने धुवायचा, पांढऱ्या ट्रेमध्ये ठेवायचा. औषधाने डोळे झोंबत होते. केतकीचे आधीच लाल झालेले होते.

"अगं, तू सरांची परीक्षा घेतेयस," सुहेल म्हणाला. "पुढे मागे पीएच.डी.ला त्यांच्याकडेच जायचं असेल तर?"

"घंटी कुठंय बघ."

"आणि त्यांनी ओळखले सगळे तर? ओळखतीलच ते."

"सुहेल, घंटी!"

पहिल्या ट्रेमध्ये तिने खेकडा ठेवला, मुद्दाम. खेकडा कुणीही ओळखतं. सोप्यापासून सुरुवात झाली की माणूस गाफील होतो, आणि गाफील माणूस पुढे आपटतो. तिच्या मनात एवढं कपट होतं, आणि ते तिला त्या घटकेला रास्तही वाटत होतं.

तो खेकडा म्हणजे म्युझियमची शान. 'मादी, अंड्यांसह.' पोटाखालची झडप किंचित उचललेली आणि तिच्या कडेने पिवळसर फुगवटा डोकावणारा. जुन्या बाटलीत तो मागच्या काचेला पोट लावून, पाठ करून बसलेला असे. गुरवमामांनी म्हणजे प्रयोगशाळेच्या मदतनिसांनी त्याला नव्या बाटलीत घातला तेव्हाही तो तसाच पाठ करून बसला. पण जुन्या बाटल्यांत झाकणाला निळा रंग असला की तो अंड्यांचा खेकडा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या बाटलीतही खेकडा एकच होता, तेव्हा सगळ्या वर्गाला तेवढा एक गुण मिळाला होता.

केतकीने तो ट्रेमध्ये उताणा ठेवला. अंडी दिसायला हवीत म्हणून.

दुसऱ्या ट्रेमध्ये वाळा. तिसऱ्यात विंचू. असे टेबलाच्या टोकापर्यंत.

वर्ग आत आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. गुरवमामाही हातातलं फडकं विसरून दाराशी थांबले. त्यांच्या हयातीत त्यांनी या टेबलाशी घामाघूम झालेली शेकडो पोरं पाहिली होती, मास्तर पहिल्यांदाच.

सर पहिल्या ट्रेसमोर येऊन उभे राहिले. हातात कोरा कागद, पेन. चेहरा कसा, तर रोज सकाळी पेपर चाळताना असतो तसा.

केतकीने घंटी वाजवली.

सरांनी ट्रेकडे पाहिलं आणि पेन कागदावर टेकवलं. 'खे' लिहिलंही असावं.

पेन थांबलं.

सर खाली वाकले. मग आणखी थोडे वाकले. नाक खेकड्याला लागेल इतके.

अर्धं मिनिट होऊन गेलं. केतकीने घंटी वाजवली.

सर हलले नाहीत.

"सर, वेळ झाली."


तिने पुन्हा वाजवली. भिंतीशी चुळबुळ झाली. सुहेलने तिला डोळ्यांनी खुणावलं, जाऊ दे, वेळ दे. पण तिला कुणी दिला होता वेळ? खेकड्यापाशी हा माणूस अडतो, आणि लोकांना सात देतो! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सर, पुढे सरका. नियम आहे."

"थांब..." सर म्हणाले.

"आम्हाला थांबू देता का तुम्ही?"

सरांनी वर न बघता हात पुढे केला. "भिंग."

गुरवमामांनी धावत जाऊन भिंग आणून दिलं. केतकीने तिसऱ्यांदा घंटी वाजवली. आता ती घंटी वाजवत नव्हती, घंटीवर राग काढत होती.

सरांनी चिमट्याच्या टोकाने खेकड्याच्या पोटाखालची झडप अलगद उचलली. भिंग लावलं. श्वास रोखून धरला... सोडला.

केतकीने समोरचा कागद ओढला आणि मोठ्याने वाचत लिहिलं. "जुवेकर सर. पहिल्या प्राण्यालाच उत्तर नाही. पुढच्यांकडे गेलेच नाहीत. शून्य."

"शून्य," सर म्हणाले. "बरोबर."

त्यांनी भिंग खाली ठेवलं, खिशातून गुणांचा कागद काढला, घडी उलगडली, आणि आपलं लाल पेन त्याच्यावर ठेवून दोन्ही तिच्यापुढे सरकवलं.

"भर."

"काय?"

"गुण. तुझे, सगळ्यांचे. ठरलंय तसं."

*

आनंद व्हायला हवा होता. भिंतीशी असलेल्यांना तो झालाच. कुणी टाळी वाजवली, कुणी शिट्टी घातली. "सगळ्यांना वीसपैकी वीस टाक!" मागून आवाज आला. "जुवेकर सरांना पुन्हा बसवा," असाही आला, आणि हशा पिकला.

केतकी हसली नाही. जिंकल्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. समोरचा माणूस भांडत नाही, हरल्याचं वाईट वाटून घेत नाही, वर आपलं पेन काढून देतो, याला जिंकणं म्हणायचं? हा आणखी एक अपमान होता.

"काय पाहत होतात तुम्ही?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

सरांनी भिंग तिच्याकडे दिलं.

ती वाकली. पोटाखाली तोच पिवळसर फुगवटा. लहानपणापासून मासळीबाजारात अंड्यांच्या चिंबोऱ्या तिने हजारदा पाहिल्या होत्या. आजी त्यांना हात लावू देत नसे, पिल्लं होऊ दे म्हणे, आणि खाडीत परत टाके. ती अंडी कशी असतात? दाणेदार. बोट फिरवलं तर रव्यासारखी लागतात.

इथे एकही दाणा नव्हता. गुळगुळीत पिशवी होती, मांसाची. आणि ती एकाच देठाने खेकड्याच्या पोटात शिरलेली होती.

"ही अंडी नाहीत," केतकी पुटपुटली.

"नाहीत."

"सॅक्युलिना..." परजीवींच्या प्रकरणात हे नाव तिने दहा ओळींत पाठ केलं होतं. खेकड्याच्या अंगात मुळ्या पसरणारा, त्याच्या जिवावर जगणारा, त्याच्या पोटाखाली आपली पिशवी वाढवणारा प्राणी. त्याला पोसता पोसता नर खेकडाही मादीसारखा दिसायला लागतो, आणि ती पिशवी आपलीच अंडी समजून जपतो. त्या दहा ओळींवर तिला दहापैकी नऊ पडले होते.

"म्हणजे हा नर आहे?"

"झडप उचल. पुढचे अवयव बघ."

तिने उचलली. पाहिलं. नर होता.

निळ्या झाकणाची मादी वर्षानुवर्षं नर होती, तिची अंडी म्हणजे दुसराच कुणी होता, आणि या म्युझियममधून किती पिढ्या पहिल्या वर्गात पास होऊन गेल्या.

"हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला," केतकी उसळली. "मादी, अंड्यांसह. माझ्याकडे तुमच्या तासाचं टिपण आहे."

"हो."

"मग चूक तुमची आहे, माझी नाही!"

"माझी आहे."

"म्हणजे हा गुण माझा राहायला हवा."

सरांनी तिच्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. "पेन तुझ्याकडे आहे."

यापेक्षा त्यांनी नाही म्हटलं असतं तर बरं. केतकीने आपली उत्तरपत्रिका ओढली. पहिलं उत्तर, तिच्याच वळणदार अक्षरात: 'खेकडा, मादी, अंड्यांसह.' पुढे सरांची लाल बरोबरची खूण. हक्काचे गुण हवेत असं मघाशी तीच सगळ्यांदेखत गरजली होती. आता सगळ्यांदेखत त्या खुणेकडे पाहत राहायची पाळी आली.

तिने पेन उचललं आणि ती खूण इतकी जोरात खोडली की कागद फाटला.

"सहा," ती म्हणाली.

"अगं ए!" भिंतीशी कल्लोळ उठला. "मग आमचाही जाणार! सगळ्यांनी तेच लिहिलंय!"

"माझे पाच होते, चार होतील!"

"तुला गुण वाढवायला पाठवलं होतं की कापायला?"

"तुम्हाला हवे तर तुमचे तुम्ही भरा," केतकी त्यांच्यावर खेकसली. "घ्या पेन. या, घ्या."

पेन घ्यायला कुणी पुढे आलं नाही. थोड्या वेळाने एकेक करून सगळे बाहेर पडले. तोंडं वाकडी करत, केतकीला नावं ठेवत, सरांना त्याहून जास्त. सुहेल दाराशी घुटमळला. "निदान बाकीचे तरी सरळ भर बाई," तो म्हणाला. "सोमवार आहे तुझा." आणि तोही गेला.

*

बाकीचे सरळ भरायचे म्हणजे कसे?

केतकी उत्तरपत्रिका घेऊन बसली. दुसऱ्या प्राण्यापुढे बरोबरची खूण होती. 'वाळा. बिनविषारी साप.' हा तिचा गुण पक्का. टेबलावरच्या सरांच्या नमुना उत्तरांच्या कागदावरही वाळाच होता. पण खेकड्याला त्याच कागदावर मादी लिहिलेलं होतं. तो कागद तिने दोनदा वाचला आणि चुरगळून टाकला. त्याच्यावर आता कोण विश्वास ठेवणार? एका ठिकाणी चुकलेला कागद दुसरीकडे बरोबर कशावरून?

म्हणजे गुण द्यायचा तर आधी प्राणी पाहायला हवा. आणि हे काम तिच्या गळ्यात तिनेच घालून घेतलं होतं. या विचाराने तिचा इतका संताप झाला की ती खुर्ची मागे लोटून उठली.

उत्तरात 'वाळा'च्या आधी काहीतरी खोडलेलं होतं. तिने उजेडात धरून पाहिलं. 'देवगां' एवढी अक्षरं वाचता आली. मग तिला आठवलं. परीक्षेत, स्वच्छ बाटलीसमोर उभं राहिल्यावर आधी देवगांडूळ लिहायला घेतलं होतं. देवगांडूळ म्हणजे साप नव्हे, बेडकाच्या जातकुळीतला बिनपायाचा प्राणी. का लिहावंसं वाटलं होतं? काहीतरी दिसलं होतं. मग घंटी वाजली, आणि म्युझियममध्ये गांडुळासारखा लांबुळका एकच, सुतळीवाला वाळा, हे आठवून तिने डोळ्यांना दिसलेलं खोडून टाकलं होतं.

तिने दुसरा ट्रे पुढे ओढला.

रंगावरून काही कळेना, औषधाने सगळेच पिवळे पडतात. डोळे असून नसल्यासारखे, तेही दोघांत सारखंच. तिने भिंग घेतलं. अंगावर आडव्या रेघा होत्या. त्या रेघा म्हणजे खवल्यांच्या ओळी असतील तर साप. कातडीच्या वळ्या असतील तर देवगांडूळ. प्रकाश सरळ पडला की खवले वाटत, तिरका पडला की वळ्या. तिने ट्रे खिडकीशी नेला. मग परत टेबलावर आणला. मग दिव्याखाली.

सर कोपऱ्यातल्या नळाखाली हात धूत होते. त्यांनी बोलावं असं तिला वाटत होतं आणि त्यांनी एक शब्दही काढू नये असंही वाटत होतं. या माणसाला सगळं माहीत असणार. मघाशी खेकड्यापाशी अडला, पण हे तर नक्कीच माहीत असणार. सांगायला काय होतं? दोन वर्षं पगार घेऊन शिकवलं, आणि आज, नेमकं आज, हात धुतोय!

गुरवमामा आत आले. "सर, हापिसातून विचारतायत. गुण भरायचे राहिलेत म्हणे. पाच वाजायला आले. नंतर ते यंत्र काही घेत नाही."

सरांनी टॉवेलला हात पुसले आणि केतकीकडे पाहिलं.

गुरवमामांनीही पाहिलं. "काय सांगू, बाय?"

टेबलावर गुणांचा कागद तसाच पडला होता, कोरा, लाल पेनासकट. तिच्या नावापुढे हवा तो आकडा घालायला दोन सेकंद पुरे होते. सोमवार तिथून दोन सेकंदांवर होता. आत्याच्या 'पुढे काय'चं उत्तरही तिथेच होतं.

"थांबायला सांगा," केतकी म्हणाली. भिंगावरून डोळा काढला नाही.

"ते थांबत नाहीत गो. मुदत असते."

"मग नका थांबू म्हणावं!" ती ओरडली. "मला अजून हा कळला नाही!"

गुरवमामांनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. मामा गेले.

खिडकीबाहेर भरतीचं पाणी परत चढायला लागलं होतं. केतकीने सुईच्या टोकाने रेघेची कड उचलून पाहिली. उचलली गेली की नाही, तेही सांगता येईना. शेपटीकडून पाहिलं, डोक्याकडून पाहिलं. डोळ्यातून पाणी यायला लागलं तेव्हा बाहीला पुसलं आणि पुन्हा वाकली. परीक्षेत अर्ध्या मिनिटात दिसलेलं ते काय होतं, ते आता काही केल्या दिसेना.

कॉलेजची घंटा झाली. पाच वाजले. तिने मान वर केली नाही.

सरांनी कोट काढला, खुंटीला लावला, पिशवी खांद्याला अडकवली आणि ते दाराकडे निघाले.

"सर!"

ते थांबले.

केतकी ट्रे घेऊन त्यांच्यासमोर आली. केस विस्कटलेले, हातमोजे पिवळे, चेहरा रागाने अजून लालच. पण सकाळी आली तेव्हा तिच्या हातात उत्तरपत्रिका होती. ती आता टेबलाखाली कुठेतरी पडली होती.

"हा काय आहे, सर?" तिने विचारलं. "साप आहे की नाही? खरंच सांगा. हे खवले आहेत की वळ्या?"

सरांनी ट्रेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं...

"मला काय विचारतेस, केतकी? मला तर शून्य आहे."